उशीर झाला म्हणून तडजोड न्याय्य ठरत नाही

भोपाळ वायुकांडाच्या नुकसानभरपाईचा विषय निघाला की एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. तो करणारी माणसे निर्दय नसतात. बहुतेकदा ती कायदा जाणणारी, व्यवहार कळणारी असतात. त्यांचे म्हणणे असे: १९८९ साली सर्वोच्च न्यायालयात युनियन कार्बाइडबरोबर ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली, ती रक्कम कमी असेलही, पण दुसरा मार्ग कोणता होता? आपल्याकडे साधा वाटणीचा दावा दोन पिढ्या चालतो. लाखो पीडितांचा, परदेशी कंपनीविरुद्धचा खटला कधी संपला असता? तोवर अर्धे पीडित मरून गेले असते. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, आणि चढलाच तर मिळेल ते पदरात पाडून उतरावे. १४ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने केंद्र सरकारची रक्कम वाढवून मागणारी क्युरेटिव्ह याचिका फेटाळली, तेव्हापासून हा सूर आणखी ठाम झाला आहे. न्यायालयानेच शिक्कामोर्तब केले, आता वाद कशाला, असे विचारले जाते.

वाद यासाठी की हा युक्तिवाद खोट्या पायावर उभा आहे. विलंब आभाळातून पडतो, त्याला कुणी जबाबदार नसते आणि त्यावर तडजोडीखेरीज उतारा नसतो, अशी यात तीन गृहीते आहेत. भोपाळच्या खटल्याच्या नोंदी समोर ठेवल्या तर तिन्ही टिकत नाहीत.

विलंब कुठून सुरू झाला ते आधी पाहू. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या भोपाळमधल्या कारखान्यातील ६१० क्रमांकाच्या टाकीतून मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडला. काही दिवसांतच अमेरिकेत दावे दाखल होऊ लागले. मार्च १९८५ मध्ये आपल्या संसदेने कायदा करून सगळ्या पीडितांच्या वतीने दावा चालवण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे घेतला, आणि एप्रिलमध्ये सरकारने न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात दावा लावला. तिथे न्यायाधीश जॉन कीनन यांच्यापुढे जो वाद झाला, तो आज वाचताना मन अस्वस्थ होते. भारत सरकारचे म्हणणे होते की भारतीय न्यायालये अशा प्रचंड खटल्याला पुरी पडणार नाहीत, तिथे फार वेळ जाईल. मार्क गॅलँटर या अमेरिकी अभ्यासकाचे प्रतिज्ञापत्र सरकारने त्यासाठी दिले. उलट कंपनीने भारतीय न्यायव्यवस्था पूर्ण सक्षम असल्याचे सांगितले आणि त्यासाठी मुंबईच्या नानी पालखीवाला यांचे प्रतिज्ञापत्र आणले. १२ मे १९८६ रोजी कीनन यांनी कंपनीची मागणी मान्य करून खटला भारतात पाठवला.

म्हणजे दावा भारतात यावा हा आग्रह कंपनीचा होता. इथली न्यायालये समर्थ आहेत, हे तिने शपथेवर सांगितले होते. त्याच कंपनीला पुढे इथल्या विलंबाचा फायदा मिळावा, आणि आपण मात्र त्या विलंबाला हवामानासारखे गृहीत धरावे, हे मला पटत नाही. कीनन यांनी खटला पाठवताना अट घातली होती की कंपनीने अमेरिकी पद्धतीने आपली कागदपत्रे आणि माहिती समोरच्या पक्षाला उघड करावी. जानेवारी १९८७ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने कंपनीच्या अपिलावर ती अट काढून टाकली. अशा खटल्यात वादीचे बळ कागदांत असते: कारखान्याचे आराखडे कुणी मंजूर केले, शीतकरण यंत्रणा कुणाच्या सांगण्यावरून बंद होती, सुरक्षेचा खर्च कुणी कापला. ते कागद प्रतिवादीच्या कपाटात असतात. ते कपाट उघडणे जितके लांबते, तितका वादी हताश होतो आणि तडजोडीचा आकडा खाली येतो.

त्याच काळात कंपनी आपली मालमत्ताही हलवत होती. एका अमेरिकी कंपनीने तिचा ताबा घेण्याचा प्रयत्न केला, तो परतवताना युनियन कार्बाइडने मोठी पुनर्रचना केली आणि बॅटरीचा धंदा विकला. दावा चालू असताना ज्या मालमत्तेवर हुकूमनामा बजावायचा तीच वितळत होती. म्हणून भारत सरकारला भोपाळच्या जिल्हा न्यायालयात मनाई मागावी लागली, आणि नोव्हेंबर १९८६ मध्ये कंपनीने ३०० कोटी डॉलरची बोजारहित मालमत्ता राखून ठेवण्याचे कबूल केले. हा आकडा लक्षात ठेवावा. हुकूमनामा झाला असता तरी पैसे वसूल झाले नसते, असे म्हणणाऱ्यांना यातच उत्तर आहे. वसुलीची तजवीज झाली होती. कंपनीने भारतीय न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मान्य केले होते, आणि न्यूयॉर्कच्या कायद्यात परदेशी पैशाच्या हुकूमनाम्याची अंमलबजावणी करण्याची सोयही होती.

आता या सगळ्या वादातल्या सर्वांत महत्त्वाच्या आदेशाकडे येऊ. तडजोडीचे समर्थक त्याचा उल्लेख क्वचितच करतात. भोपाळचे जिल्हा न्यायाधीश एम. डब्ल्यू. देव यांनी १७ डिसेंबर १९८७ रोजी कंपनीला ३५० कोटी रुपये अंतरिम मदत म्हणून भरण्याचा आदेश दिला. खटला लांबणार हे त्यांना दिसत होते. पीडितांना श्वास घेता येत नव्हता, मजुरी करता येत नव्हती, घरात कमावणारे माणूस उरले नव्हते. खटला चालू राहावा आणि तोवर माणसेही जगावीत, यासाठी जिल्हा न्यायालयाने काढलेला तो मार्ग होता. कंपनी उच्च न्यायालयात गेली. ४ एप्रिल १९८८ रोजी मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सेठ यांनी रक्कम २५० कोटींवर आणली, पण तत्त्व कायम ठेवले. कंपनीचे दायित्व प्रथमदर्शनी दिसते, असे त्यांचे मत होते. तिथून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

विलंबावर उतारा नव्हता, हे म्हणणे इथेच कोसळते. उतारा होता, एका जिल्हा न्यायाधीशाने तो लिहून दिला होता आणि उच्च न्यायालयाने तो मान्य केला होता. प्रश्न फक्त तो अमलात आणण्याचा होता. वादीच्या हातात दर महिन्याला जगण्यापुरते पैसे पडू लागले की प्रतिवादीचे सर्वांत मोठे हत्यार बोथट होते. मग वादी वाट पाहू शकतो, आणि वाट पाहू शकणाऱ्या वादीशी प्रतिवादीला खरी बोलणी करावी लागतात. कंपनीने हा आदेश वरच्या न्यायालयांपर्यंत लढवला, याचे कारण मला ३५० कोटींपेक्षा हेच वाटते.

सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न होता तो या अंतरिम रकमेचा. त्या सुनावणीतून १४ फेब्रुवारी १९८९ रोजी संपूर्ण प्रकरणाची अंतिम तडजोड बाहेर आली: ४७ कोटी डॉलर, तेव्हाच्या दराने सुमारे ७१५ कोटी रुपये, सगळ्या दाव्यांपोटी पूर्ण आणि शेवटचे. त्यात फौजदारी खटलेही मोडीत काढण्यात आले. सरकारने मागितले होते ३०० कोटी डॉलरहून अधिक. जिल्हा न्यायालयाची नुसती अंतरिम रक्कम या ‘अंतिम’ रकमेच्या जवळजवळ निम्मी होती. ज्यांच्या वतीने ही तडजोड झाली त्या पीडितांना आधी विचारलेही गेले नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये घटनापीठाने १९८५ चा कायदा वैध ठरवला, पण पीडितांचे म्हणणे आधी ऐकायला हवे होते हे त्या निकालातही मान्य झाले. तडजोड मात्र उभीच राहिली. त्यांचा पालक झालेल्या सरकारचे हितसंबंधही निखळ नव्हते. युनियन कार्बाइड इंडियामध्ये ५०.९ टक्के समभाग अमेरिकी कंपनीचे होते हे सगळ्यांना ठाऊक असते. उरलेल्यांत सरकारी वित्तसंस्थांचेही होते, हे बोलले जात नाही.

तडजोडीची कारणे न्यायालयाने ४ मे १९८९ रोजी दिली. त्यात हिशेब असा होता: सुमारे ३ हजार मृत्यू, ३० हजार कायमच्या अपंगत्वाची प्रकरणे, २० हजार तात्पुरत्या अपंगत्वाची, २ हजार अत्यंत गंभीर इजांची आणि ५० हजार किरकोळ इजांची. बेरीज १ लाख ५ हजार. पुढे दावा न्यायाधिकरणांनी भरपाई मंजूर केली ती ५ लाख ७४ हजारांहून अधिक लोकांना, आणि मृत्यूची मान्य झालेली प्रकरणे ५ हजारांवर गेली. मूळ रक्कम हिशेबातल्या लोकांत वाटली असती तर माणशी सरासरी ६८ हजार रुपये पडले असते. प्रत्यक्ष मान्य झालेल्यांत वाटली तर साडेबारा हजारांच्या आसपास येतात. डोकी मोजायच्या आधी रक्कम ठरली, हा या तडजोडीचा मूळ दोष आहे. खटला चालला असता तर ही मोजणी पुराव्यानिशी, उलटतपासणीसह झाली असती. वेळ लागला असता, हे खरे. पण तो वेळ प्रत्येक माणसाला काय झाले आहे हे ठरवण्यात गेला असता.

समर्थक यावर एक उत्तर देतात आणि ते बिनतोड आहे असे त्यांना वाटते. वैद्यकीय वर्गवारी पूर्ण झाली तेव्हा कायमच्या इजांचा आकडा न्यायालयाच्या अंदाजापेक्षा कमीच भरला, असे ते म्हणतात. ती वर्गवारी १९९१ च्या निकालात छापलेली आहे, ती जवळून पाहावी. तपासलेले लोक ३,५८,७१२. त्यांपैकी ‘इजा नाही’ या रकान्यात १,५५,२०३. ‘तात्पुरती इजा’ १,७३,३८२. ‘कायमची इजा’ १८,९२२. मधले काही रकाने सोडून शेवटच्या ओळीवर या: ‘कायमचे पूर्ण अपंगत्व’ ४०.

चाळीस. ज्या शहरात एका रात्रीत हजारो माणसे रस्त्यांवर कोसळली, जिथे त्यानंतर वर्षानुवर्षे लोक दम्याने, डोळ्यांच्या विकारांनी, गर्भपातांनी झिजले, तिथे पूर्ण अपंग झालेली माणसे चाळीस. हा आकडा तडजोडीच्या बाजूने उभा करणाऱ्यांनी तो मोठ्याने उच्चारून पाहावा. दुर्घटनेनंतर कित्येक वर्षांनी, बहुधा एकदाच केलेल्या तपासणीतून आणि हातातल्या कागदांवरून ही वर्गवारी झाली. त्या रात्री इस्पितळात चिठ्ठी घेऊन कोण जाणार होते? झोपडपट्टीतल्या बाईकडे ३ डिसेंबर १९८४ चा केसपेपर जपून ठेवलेला असावा, ही अपेक्षा करणाऱ्या व्यवस्थेने ठरवलेले हे आकडे आहेत. खुल्या खटल्यात अशा तक्त्याची चिरफाड झाली असती. तडजोडीमुळे तो निमूटपणे स्वीकारला गेला.

आता सर्वांत जास्त सांगितल्या जाणाऱ्या कारणाकडे. तडजोडीमुळे पीडितांना पैसे लवकर मिळाले, असे म्हणतात. मिळाले का? १९८९ मध्ये पैसे जमा झाले. भरपाईचे पहिले निवाडे झाले १९९२ मध्ये. दुर्घटनेला तेव्हा आठ वर्षे होत आली होती. मधल्या काळात १९९० पासून जी अंतरिम मदत मिळाली ती सरकारने दिली, माणशी दरमहा २०० रुपये, आणि ती पुढे भरपाईतून वळती करून घेतली गेली. जखमींपैकी बहुसंख्यांच्या हातात पडले २५ हजार रुपये. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिल्लक असलेले सुमारे दीड हजार कोटी रुपये वाटण्याचा आदेश दिला, तेव्हा प्रत्येकाला आधीइतकेच पुन्हा मिळाले. म्हणजे तडजोडीनंतर पंधरा वर्षांनी. ज्या विलंबापासून पीडितांची सुटका व्हावी म्हणून खटला मोडला, तोच विलंब तडजोडीनंतरही त्यांच्या वाट्याला आला. सुटका झाली ती कंपनीची. तिने एका रकमेत सगळे मिटवले आणि तडजोडीची बातमी आल्यावर न्यूयॉर्कच्या बाजारात तिच्या समभागाचा भाव वर गेला. बाजार भावना पाहत नाही, हिशेब पाहतो, आणि त्या दिवशी त्याने हिशेब बरोबर केला होता.

त्या शिल्लक दीड हजार कोटींचाही आधार घेतला जातो. पैसे उरले, म्हणजे रक्कम पुरेशी होती, असा हा तर्क. पण पैसे उरले कसे? ते डॉलरमध्ये पडून होते. १९८९ मध्ये १५ रुपयांच्या आसपास असलेला डॉलर २००४ पर्यंत ४५ च्या घरात गेला, आणि वर व्याज. पीडितांचे पैसे पीडितांना न देता ठेवले म्हणून ते वाढले. त्या वर्षांत ज्यांचे औषध थांबले, ज्यांच्या पोरांची शाळा सुटली, जे मरून गेले, त्यांनी ती वाढ आपल्या अंगावर सोसली. तिला उदारपणाचा पुरावा म्हणणे मला अत्यंत क्लेशकारक वाटते.

तडजोड इतकी शहाणपणाची होती, तर ती सर्वोच्च न्यायालयालाच अडीच वर्षांत निम्मी उलटवावी का लागली, याचेही उत्तर मिळायला हवे. ३ ऑक्टोबर १९९१ च्या फेरविचार निकालात न्यायालयाने फौजदारी खटले पुन्हा जिवंत केले. रक्कम कमी पडली तर ती तूट केंद्र सरकारने भरून काढावी, असेही सांगितले. न्यायमूर्ती अहमदी यांनी या मुद्द्यावर वेगळे मत दिले होते, आणि मला त्यांचा आक्षेप योग्य वाटतो. चूक कंपनीची आणि तूट भरायची करदात्याने, हे कोणत्या न्यायात बसते? याच देशात डिसेंबर १९८६ मध्ये, दिल्लीतल्या ओलियम गळतीच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने पूर्ण दायित्वाचे तत्त्व घालून दिले होते. घातक उद्योग चालवणाऱ्याने सबब न सांगता भरपाई द्यावी, आणि ती त्याच्या आकारमानाच्या व ऐपतीच्या प्रमाणात असावी. भोपाळच्या वादींकडे इतके भक्कम तत्त्व होते. ते कंपनीवर लावून पाहण्याची संधीच तडजोडीने घालवली.

अमेरिकेतही असे खटले शेवटी तडजोडीनेच मिटतात, असे सांगितले जाते. मिटतात, पण कसे मिटतात ते पाहा. थ्री-एम कंपनीच्या सदोष कर्णरक्षकांमुळे श्रवण गमावलेल्या अमेरिकी सैनिकांचे अडीच लाखांच्या आसपास दावे फ्लोरिडातल्या न्यायालयात एकत्र केले गेले. तिथे आधी निवडक १६ खटले ज्युरीपुढे पूर्ण चालवले आणि त्यांपैकी १० वादींच्या बाजूने लागले. मध्यंतरी कंपनीने आपल्या उपकंपनीला दिवाळखोरीच्या न्यायालयात नेऊन खटले थांबवण्याचा प्रयत्न केला, तो जून २०२३ मध्ये फेटाळला गेला. तीन महिन्यांच्या आत कंपनीने सुमारे ६०० कोटी डॉलर देऊ केले. निकालांनी आधी दाव्याची किंमत ठरवली, पळवाट बंद झाली, मग तडजोड झाली. भोपाळमध्ये एकही दिवाणी दावा पुराव्यापर्यंत पोचला नाही. कामगाराने घातपात केला हा कंपनीचा बचाव दिवाणी न्यायालयात कधी तपासलाच गेला नाही. ज्या दाव्याची किंमत कुणी ठरवलीच नाही, त्याची तडजोड म्हणजे समोरच्याने सांगितलेला भाव.

२०२३ च्या निकालाबद्दल. तो वाचणाऱ्याला दिसेल की न्यायालयाने तडजोड पुन्हा उघडायला नकार दिला तो मुख्यतः अंतिमतेच्या कारणाने. फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय इतक्या वर्षांनी रक्कम वाढवता येत नाही, आणि ही याचिका आणण्याआधी सरकारने २०१० पर्यंत काय केले हा प्रश्न त्याने सरकारला विचारला. पीडितांसाठी विमा काढण्याचे १९९१ चे निर्देश न पाळणे हा गंभीर हलगर्जीपणा आहे, असेही सुनावले. सरकारच्या विलंबाची किंमत पुन्हा पीडितांनी मोजली, एवढेच त्यातून सिद्ध होते. १९८९ ची रक्कम न्याय्य होती असे प्रशस्तिपत्र म्हणून तो निकाल फिरवणे प्रामाणिकपणाचे नाही.

एक गोष्ट मी मान्य करतो, आणि मनापासून करतो. आजारी, वृद्ध, कर्जात बुडालेल्या वादीला ‘थांब, तत्त्वासाठी लढ’ असे सांगण्याचा अधिकार बाहेरच्या कुणालाही नाही. त्याने हातात येईल ते घेतले तर तो चुकला नाही. माझा वाद त्याच्याशी नाहीच. ज्यांच्यावर त्याला तग धरू देण्याची जबाबदारी होती, ज्यांच्या हातात देव यांचा आदेश तयार होता आणि ज्यांनी तो बाजूला सारून शेवटचा आकडा लिहिला, त्यांच्याशी आणि त्यांना आज शहाणे ठरवणाऱ्यांशी माझा वाद आहे.

भोपाळनंतर १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा आला. मूळ कायद्यात मृत्यूसाठी तातडीची मदत होती २५ हजार रुपये. महाराष्ट्रात तारापूर, रोहा, लोटे, महाड, पाताळगंगा, डोंबिवली इथे रसायनांचे कारखाने लोकवस्तीच्या कुशीत आहेत. डोंबिवलीत २०१६ आणि २०२४ मध्ये झालेले स्फोट आपण पाहिले आहेत. अशा दुर्घटनेनंतर दावे उभे राहतील तेव्हा ‘खटला लांबेल, तडजोड करा’ हा सल्ला पहिल्याच आठवड्यात दिला जाईल. तेव्हा वकिलांनी, पत्रकारांनी आणि स्थानिक प्रतिनिधींनी तीन मागण्यांवर अडून बसावे. प्रथमदर्शनी दायित्व दिसताच कंपनीकडून जगण्यापुरती अंतरिम रक्कम घ्यावी, आणि तिच्यावरच्या अपिलाला मुदत असावी. इजांची वर्गवारी आणि मोजणी स्वतंत्र डॉक्टरांकडून पूर्ण झाल्याशिवाय कोणत्याही न्यायालयाने ‘पूर्ण आणि शेवटची’ रक्कम मान्य करू नये. आणि ज्यांच्या नावाने तडजोड होणार आहे त्यांचे म्हणणे सहीपूर्वी, खुल्या न्यायालयात ऐकले जावे. देव यांनी १९८७ साली यातली पहिली गोष्ट सध्याच्याच कायद्यात करून दाखवली होती. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही.